सुगडातलं मत

“हरकत असेल त्यांनी हात वर करा,” मोकाशी हवालदार म्हणाले.

भैरोबाच्या सभामंडपात गावातले बहुतेक सगळे बाप्ये बसले होते. एकाचाही हात हलला नाही. आमच्या नामदेव गुरवाच्या कानावर माशी बसली होती, ती हाकलायलासुद्धा त्याने हात उचलला नाही. बरोबरच होतं. ज्याच्याविषयी विचारणं चाललं होतं तो दिगंबर कोंढाळकर हवालदारांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसला होता, आणि मंडपात फिरणारा चहा त्याच्याच खर्चाने आला होता.

“बरं. परवाना द्यावा असं ज्यांचं मत आहे त्यांनी आता हात वर करा.”

सगळे हात वर. दोन-तीन जणांनी तर दोन्ही हात वर केले.

“एकमत,” दिगंबर म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. “काय वहिनी, लिहा आता. गावाचं एकमत.”

मी तेव्हा माळगव्हाणची पोलीस पाटील होते. जागा बायकांसाठी राखीव निघाली, मी परीक्षा दिली, पास झाले. तरी पहिलं वर्षभर पोलिसांची गाडी आली की लोक आमच्या यजमानांनाच हाक मारायचे आणि ते बिचारे गोठ्यातून ओरडायचे, “पाटील घरात हाय, भाकरी थापतीय!” दिगंबर माझा चुलत दीर. रिंगरोडचा पट्टा आमच्या शिवारातून गेला, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि दिगूचा दिगूशेठ झाला. आधी दारात मोठी गाडी आली, मग गळ्यात साखळी आली, आणि आता कमरेला घोडा हवा होता. आमच्याकडे रिव्हॉल्व्हरला घोडाच म्हणतात. अर्जात त्याने कारण लिहिलं होतं, जीवितास धोका. त्याच्या जीवाला धोका असेल तर तो तंबाखूचा. दुसरा मला तरी माहीत नव्हता.

अशा अर्जाची चौकशी म्हणजे एरवी चहा आणि दोन सह्या. पण त्या वर्षी ठाण्यावर नव्या मॅडम आल्या होत्या आणि त्यांनी मोकाशींना बजावलं होतं, माणूस कसा आहे ते त्याच्या गावाला विचारा, मगच कागद वर पाठवीन.

“एकमत तर झालं,” मोकाशी टोपी नीट करत म्हणाले, “पण मॅडमचं आणखी एक आहे. बायांचं मत पण पाहिजे. निम्मं गाव बायांचं आहे म्हणाल्या.”

मंडपात हशा पिकला.

“उद्या ट्रॅक्टर घ्यायला पण बायांना विचारणार काय?” कुणीतरी मागून बोललं.

“अन् ज्याचा पैसा त्याची बंदूक. गावाला तरी कशाला विचारायचं?” दुसरा म्हणाला. “पुढाऱ्यांच्या मागं दहा-दहा बंदुका हिंडत्यात, तवा विचारतंय का कोण?”

“ट्रॅक्टर रागाच्या भरात कुणाच्या छातीत घुसत नाही,” मोकाशी शांतपणे म्हणाले. “म्हणून विचारायचं. पाटीलबाई, बायांचं तुमच्याकडे. परवा संध्याकाळी मी चावडीवर येतो, मला काय ते मोजून द्या.”

“घ्या की,” दिगंबर म्हणाला. “आमच्या घरचीच दोन मतं हायत. आई आन् कांचन. सुरुवात त्यांच्यापास्नं करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर दूध घालायला गेले तर कांचन आधीच येऊन थांबली होती. दिगंबरची बायको. माझ्याहून बरीच लहान, पण जावा-जावा म्हणून आमचं बरं जमायचं. दूध घालून झालं तरी ती निघेना. बाया पांगल्यावर माझ्याजवळ आली.

“ताई, परवाना देऊन टाका.”

“तुला हवाय?”

“मला काय हवं ते कुणी विचारतंय होय? देऊन टाका म्हणते.”

“नीट बोल.”

तिने हातातला हंडा माझ्यासमोर धरला. पोटावर एका जागी एम-सीलचा काळा गोळा चिकटवलेला. “माकडं हाकलायला छऱ्याची बंदूक आणली ना त्यांनी, दिवाळीला? पहिला नेम कशावर धरला असंल? मी आडावरनं येत होते. हंडा माझ्या कमरेवरच होता. पाणी साडीवर आलं तवा कळलं. आन् हे ओट्यावर बसून हसत होते.”

तिच्या आवाजात रडं नव्हतं, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

“आणि तू म्हणतेस खरी बंदूक द्या?”

“न्हाई मिळाली तर ते म्हणतील घरातनंच कुणीतरी बोललं. घरात हाय कोण? आत्याबाई आन् मी. आईवर तर हात टाकणार न्हाईत.” तिने एम-सीलच्या गोळ्यावरून बोट फिरवलं. “बंदूक आली तर आज ना उद्या कायतरी हुईल. न्हाई आली तर त्याच रात्री हुईल. आजचं मरण उद्यावर ढकलते झालं.”

एवढं बोलून ती हंडा कमरेवर घेऊन निघून गेली. मी रिकामी किटली घेऊन तिथेच उभी. मी ‘नाही’ लिहिलं तर कांचनचा जीव जायचा, ‘हो’ लिहिलं तरी तिचाच जायचा. पोलीस पाटलाच्या परीक्षेत असला प्रश्न आला नव्हता.

घरी येऊन भाकऱ्या करता करता मी विचार करत राहिले. गावाने नाही म्हटलं पाहिजे, पण कांचनने म्हटलं असं दिसता कामा नये. बायांना एकेकीला विचारलं तर संध्याकाळपर्यंत कोण काय बोललं ते दिगंबरच्या ओट्यावर पोचणार. चिठ्ठ्या लिहून घ्याव्या तर निम्म्या जणींना लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचं अक्षर नवरे ओळखतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मला गावातल्या सगळ्या बायांची मूठ झाकलेली हवी होती.

ते दिवस संक्रांतीचे होते आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. त्याला मी दरवर्षी विधवांनाही बोलवायचे, त्यामुळे गावातली एकही बाई सुटणार नव्हती. माझ्यासमोर कोनाड्यात वाणाचं मोठं सुगड होतं, मातीचं, तोंडाला जरा निमुळतं. बाया त्यात काय काय घालून एकमेकींना देतात ते तुम्हाला माहीत आहेच: बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. त्या दिवशी प्रत्येकीच्या ओटीत बोरंही असणार आणि हरभराही. मला वेगळं काही वाटावं लागणार नव्हतं.

बाया आल्या तशी मी प्रत्येकीला हळदीकुंकू लावताना कानात सांगत गेले. “आत देवघरात सुगड ठेवलंय. दिगंबरला बंदूक द्यावी वाटत असेल तर एक बोर टाक. देऊ नये वाटत असेल तर हरभऱ्याचा एक घाटा. पदराखाली हात घालून टाक. कुणाला सांगू नकोस, मलाही नको.”

काही जणी हसल्या. काहींनी ‘इश्श, आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून आढेवेढे घेतले. पण एकूणएक जणी आत जाऊन आल्या. बाहेर यायच्या तेव्हा त्यांचे चेहरे थोडे वेगळे दिसायचे, देवाला नवस बोलून आल्यासारखे. बनूआजी, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, बाहेर येऊन मोठ्याने म्हणाली, “म्या बाई ऊस टाकला. गोड हू दे सगळ्यांचं!” मी कपाळाला हात लावला.

कांचन आली. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मुद्दाम काही बोलले नाही. ती आत गेली आणि लगेच आली. सगळ्यांत शेवटी आली हौसाकाकू, दिगंबरची आई. हातात काठी, तोंडात दात नाहीत, पण नजर घारीची. तिला आत बराच वेळ लागला. मला वाटलं गुडघ्यांमुळे.

“काय गं पाटलीण,” बाहेर येऊन ती म्हणाली, “वाण म्हणून चहाची गाळणी? मागल्या वर्षी बी गाळणीच हुती.”

बाया वाण घेऊन अंगणात गप्पा मारत बसल्या. मी देवघराचं दार लोटलं आणि सुगडात डोकावून बघितलं.

बघायला नको होतं हे मला कळत होतं. पण माझ्याच्याने राहवलं नाही.

आत सगळं हिरवं होतं. हात घालून तळापर्यंत चाचपलं. एक उसाचा करवा सोडला तर घाटेच घाटे. बोर एकही नाही.

पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाने. परवा मंडपात ज्यांच्या नवऱ्यांनी दोन-दोन हात वर केले होते त्या सगळ्या बायांनी नाही म्हटलं होतं. सरपंचाच्या बायकोने, दिगंबरच्या पैशावर दुकान टाकलेल्या त्याच्या मावसबहिणीने, सगळ्यांनी. मी तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

मग माझ्या लक्षात आलं आणि हात तसेच जोडलेले राहिले. आमच्या घरचीच दोन मतं हायत, असं दिगंबर सगळ्यांदेखत म्हणाला होता. सुगडात बोर नाही म्हणजे त्याच्या घरची दोन्ही मतंही हरभऱ्यातच आहेत, हे समजायला त्याला शाळेत जावं लागणार नव्हतं. झाकलेली मूठ मी मोठ्या हुशारीने केली होती, आणि सगळ्यांच्या मुठीत एकच निघालं तर झाकून काय उपयोग, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चावडीवर मोकाशींची मोटारसायकल आल्याचा आवाज ऐकू आला.

मी वाणाच्या परातीतली पाच बोरं उचलली आणि सुगडात टाकली. आता बायांपेक्षा मतं जास्त झाली. म्हणून पाच घाटे बाहेर काढले. ते ठेवायचे कुठे? कुणी बघितलं तर? मी देवापुढे उभी राहून ते सोलले आणि खाऊन टाकले. कोवळे होते, गोड लागले. पोलीस पाटलाने मतं खाल्ल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

वळून बघते तो दारात हौसाकाकू. काठी विसरली म्हणून परत आली होती.

“देवाच्या आधी खातीस?” ती म्हणाली. काठी उचलली आणि गेली. तिने किती बघितलं होतं ते मला कळलं नाही.

चावडीवर बाप्ये जमलेच होते. बायाही आल्या. एरवी चावडीच्या बाजूला न फिरकणाऱ्या, पण आज हळदीकुंकवाच्या साड्यांत, हातात गाळण्या घेऊन समोरच्या शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपण काय टाकलं ते माहीत होतं. इतरांनी काय टाकलं ते बघायचं होतं.

मोकाशींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सुगड उपडं केलं.

हिरव्या घाट्यांचा ढीग, त्यात पाच बोरं, आणि घरंगळत जाऊन सरपंचाच्या बुटाला लागलेला उसाचा करवा.

“हा कशात धरायचा?” मोकाशींनी करवा उचलून विचारलं.

“सांगता येत नाही, असं लिहा,” मी म्हटलं.

माणसं हसली, पण हसू लगेच विरलं. दिगंबर खुर्चीवरून उठला होता. घाट्यांच्या ढिगाकडे तो असा बघत होता, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्याची कीव आली. आपल्याला गाव मानतं असं त्याला मनापासून वाटत होतं. परवाचे वर आलेले हात त्याला खरे वाटले होते.

“पाच,” तो कसंनुसं हसत म्हणाला. “पाच तर पाच. ज्या पाच जणी माझ्या बाजूनं हायत त्यांना मी पैठणी नेसवतो. सांगा, कोण कोण?”

लगेच सरपंच म्हणाला, “एक आमच्यातलं हाय, शेठ.” दुकानवाला मावसमेव्हणा म्हणाला, “आमच्या हिचं हाय की.” मग आणखी दोघं-तिघं. बघता बघता पाच बोरांना आठ-नऊ घरं मिळाली. दिगंबरच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मला हायसं वाटलं. आता कांचनने ‘माझंही बोर’ म्हटलं की सुटली.

तो भिंतीकडे वळला. “आन् एक आमच्या घरचं. काय गं?”

कांचनने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी हो म्हण, हो म्हण असं विनवत होते. मग तिने जमिनीवरच्या हिरव्या ढिगाकडे बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मी हरभरा टाकला.”

एवढा सगळा खटाटोप मी तिला लपवण्यासाठी केला होता आणि ती सगळ्या गावादेखत उघडी झाली होती. दिगंबरने एक पाऊल पुढे टाकलं.

“म्या बी हरभराच टाकला,” नामदेव गुरवाची बायको म्हणाली. रोजची घाबरट बाई.

“मी पण.” ही सरपंचाची बायको. सरपंच चमकून तिच्याकडे बघत राहिला.

“आन् माझं काय बोर न्हवतं,” मावसबहीण नवऱ्याकडे न बघता म्हणाली. “उगं माझं नाव सांगू नगा.”

मग भिंतीजवळून आणखी आवाज येत गेले. काही जणी नुसत्याच पुढे सरकून कांचनच्या शेजारी उभ्या राहिल्या. काही गप्प राहिल्या, पण बोर टाकलं असं एकही म्हणेना. मोकाशी बोटाने घाटे मोजत होते आणि मधूनच बायांकडे बघत होते.

“थांबा, थांबा,” ते म्हणाले. “इथे बाया जास्त होतायत आणि हरभरे कमी. पाटीलबाई, मग ही बोरं कुणाची?”

आता माझी नोकरी गेली, हे मला कळलं. पण मला नोकरीची फिकीर नव्हती. कांचनपासून दोन हातांवर दिगंबर उभा होता, आणि अख्ख्या गावात आपलं कुणीच नाही हे त्याला त्याच क्षणी कळत होतं. असल्या माणसाला घोडाच कशाला लागतो? हातात येईल ते पुरतं.

“ती बोरं माझी,” हौसाकाकू म्हणाली.

सगळे वळले. ती काठी टेकत टेकत पुढे आली आणि वर्तमानपत्रावरची पाचही बोरं वेचून तिने पदरात घेतली.

“पाचही तुमची?” मोकाशी म्हणाले. “आजी, एक टाकायचं होतं.”

“मला कुठं मोजता येतंय? मूठ भरून टाकली. लेक हाय माझा.” तिने दिगंबरचं मनगट धरलं. “चल घरी. ऊन लागतंय मला.”

संध्याकाळ झाली होती, ऊन कधीच उतरलं होतं. दिगंबर लहान पोरासारखा तिच्या मागून निघाला. भिंतीजवळून जाताना काकू कांचनला म्हणाली, “तू बी चल. माझ्या दुसऱ्या अंगाला ये.” तिघं तशीच गेली, म्हातारी मधे, दोघं दोन बाजूंना.

मोकाशींनी हिशोब जुळवायचा नाद सोडला. ‘ग्रामस्थ महिलांचे मत प्रतिकूल’ एवढंच लिहिलं आणि मी खाली सही केली. परवाना नामंजूर झाला. मॅडमनी फोन करून विचारलं, हे मत कसं घेतलंत? मी म्हटलं, संक्रांतीच्या वाणात. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

त्या रात्री मी झोपले नाही. आमच्या यजमानांना दोनदा दिगंबरच्या घराकडे पाठवलं. काही आवाज नाही, म्हणाले. सकाळी डेअरीवर कांचन आली. तिच्या तोंडाकडे, हातांकडे मी निरखून बघितलं. ती म्हणाली, “आत्याबाईंनी त्यांची वाकळ माझ्या खोलीत आणली. म्हणाल्या, आता मी हितंच निजणार.” पुढे काकू जितकी वर्षं जगली तितकी वर्षं ती तिथेच निजली. छऱ्याची बंदूक तिने कधी आणि कुठल्या आडात टाकली ते कुणालाच कळलं नाही.

रथसप्तमीच्या सुमारास ती एकदा माझ्याकडे आली होती. मी तिला चहा दिला आणि दार लोटून घेतलं.

“काकू, तुम्ही बघितलं होतं ना मला?”

“बघितलं की. घाटे खाताना बघितलं.”

“मग खोटं का बोललात? तुम्हीही हरभराच टाकला होता. सुगडात बोर नव्हतंच.”

ती बशीतला चहा फुंकत राहिली. “तिनं न्हाई म्हणलं, गावानं न्हाई म्हणलं, आईनं बी न्हाई म्हणलं, तर त्यो घरी येऊन कुणाजवळ बसला असता गं? कुणाजवळ तरी बसाया पाहिजे ना माणसानं.” मग बशी खाली ठेवून म्हणाली, “त्याला कदी कळू देऊ नगंस.”

काकू चार वर्षांपूर्वी गेली. दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतताना दिगंबर माझ्या बरोबरीने चालत होता. केस पांढरे झाले होते, गाडी विकली होती, गावात फारसा बोलायचा नाही. कांचन आमच्या थोडी पुढे चालत होती.

“वहिनी,” तो म्हणाला, “सगळं गाव इरोधात गेलं तवा आई एकटी माझ्या बाजूनं हुती. तुम्ही सोता बघितलंय.”

पुढे कांचनची पावलं मंदावली, पण ती वळली नाही.

“हो,” मी म्हटलं. “मी बघितलंय.”